घड्याळातला उजेड : रेडियमच्या तबकडीपासून सौर घड्याळापर्यंत

सध्या घड्याळांच्या दुनियेत एक जुनी फॅशन नव्याने फिरते आहे. लाल, पिवळी, हिरवी, निळी अशी भडक रंगांची, वजनाला हलकी, खेळाडूंच्या थाटाची घड्याळे. १९८६ मध्ये टॅग ह्युअर या स्विस कंपनीने ‘फॉर्म्युला १’ नावाची अशी एक रंगीबेरंगी मालिका काढली होती. तीच २०२५ मध्ये सौर ऊर्जेवर चालणाऱ्या नव्या अवतारात परत आली. चेहरामोहरा चाळीस वर्षांपूर्वीचा, पोटातले यंत्र मात्र आजचे.

वाचकहो, आरोग्याच्या लेखात घड्याळाचे काय काम, असे तुम्हाला वाटेल. पण घड्याळ आणि उजेड यांच्या नात्याला वैद्यकाच्या इतिहासात एक मोठे आणि दुःखद पान आहे. घड्याळाने उजेड द्यावा म्हणून माणसाने आधी खटपट केली. उजेडाने घड्याळ चालवावे ही कल्पना जवळजवळ साठ वर्षांनी आली. पहिल्या खटपटीची किंमत काही तरुण मुलींनी आपल्या हाडांनी मोजली. ती हकीकत नीट समजून घेण्यासारखी आहे.

आपल्याकडे अंधारात चमकणाऱ्या कोणत्याही गोष्टीला ‘रेडियम’ म्हणतात. गाडीची नंबरप्लेट, सायकलच्या मागचा लाल तुकडा, ट्रकच्या पाठीवरचे देवाचे नाव, सगळे ‘रेडियमचे काम’. यातल्या एकाही वस्तूत रेडियम नसते. ते फक्त समोरून आलेला प्रकाश परत फेकतात. मग हा शब्द आला कुठून? तो आला घड्याळातून, आणि तिथे मात्र खरेखुरे रेडियम होते.

मेरी आणि पिएर क्युरी यांनी १८९८ मध्ये रेडियमचा शोध लावला. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत त्याचे अक्षरशः वेड पसरले. रेडियम घातलेले पाणी ‘शक्तिवर्धक’ म्हणून विकले जात होते आणि शिकलेली माणसे ते पीत होती. याच काळात कोणाच्या तरी लक्षात आले, की रेडियमचा अगदी अल्प अंश झिंक सल्फाइडच्या भुकटीत मिसळला की ती भुकटी अंधारात सतत चमकत राहते. मग पहिले महायुद्ध आले. तोवर पुरुष खिशातले घड्याळ वापरत आणि मनगटी घड्याळ हा बायकांचा दागिना समजला जाई. खंदकातल्या सैनिकाला खिशात हात घालायला सवड नव्हती आणि काडी पेटवणे म्हणजे शत्रूला निशाण दाखवणे. त्यामुळे मनगटावर बांधायचे, अंधारात दिसणारे घड्याळ ही लष्कराची गरज झाली.

अमेरिकेत न्यू जर्सी राज्यातल्या ऑरेंज या गावी १९१७ च्या सुमारास अशा तबकड्या रंगवण्याचा कारखाना जोरात चालू होता. पुढे ‘युनायटेड स्टेट्स रेडियम कॉर्पोरेशन’ या नावाने ही कंपनी ओळखली गेली. रंगाचे नाव ‘अनडार्क’. तबकडीवरचे बारीक आकडे रंगवायला हलक्या हाताच्या मुली कामावर घेतल्या. काहींचे वय चौदा-पंधरा. उंटाच्या केसांच्या ब्रशचे टोक दर दोन-चार आकड्यांनंतर फिसकटते. ते टोकदार करायला ब्रश ओठांत धरायचा, रंगात बुडवायचा, आकडा रंगवायचा, पुन्हा ओठांत. हे त्यांना कामाचा भाग म्हणून शिकवले जात होते. दर वेळी रेडियमचा कण पोटात जात होता. काही मुली गंमत म्हणून नखांना आणि दातांनाही तो रंग लावत. त्याच कंपनीतले रसायनतज्ज्ञ मात्र शिशाचे आडोसे आणि चिमटे वापरत होते. मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत जास्त अस्वस्थ करणारी बाब हीच वाटते.

आता यामागचे शास्त्र पाहू. रेडियममधून मुख्यतः अल्फा कण बाहेर पडतात. हे कण जड आणि आखूड पल्ल्याचे असतात; साधा कागद किंवा आपली त्वचासुद्धा त्यांना अडवते. म्हणून काचेआडची चमकती तबकडी मनगटावर बांधणाऱ्याला त्रास झाल्याचे सहसा दिसले नाही. गिळल्यावर गोष्ट पूर्ण बदलते. रासायनिक गुणधर्मांत रेडियम हे कॅल्शियमचे भाऊबंद आहे. शरीर फसते, त्याला कॅल्शियम समजून हाडात नेऊन बसवते. एकदा हाडात शिरलेले रेडियम वर्षानुवर्षे तिथेच राहते आणि अगदी जवळून हाडाच्या पेशींवर व अस्थिमज्जेवर मारा करते. त्याचे आयुष्य म्हणाल, तर ते निम्मे व्हायलाच सुमारे १६०० वर्षे लागतात.

परिणाम काही वर्षांनी दिसू लागले, आणि सुरुवात बहुतेक वेळा दातांपासून झाली. दात दुखतो म्हणून काढला, तर जखम भरेना. हिरडीला पू, मग जबड्याच्या हाडाचे तुकडे निघू लागले. जबडाच का? कारण तोंडात जंतूंचा कायम वावर असतो आणि दाताच्या मुळापाशी हाड जवळजवळ उघड्यावर असते. मेलेल्या हाडाला तिथे संसर्ग लगेच गाठतो. काडेपेटीच्या कारखान्यांतल्या कामगारांना पांढऱ्या फॉस्फरसमुळे असाच जबड्याचा आजार होत असे, त्यामुळे आधी संशय फॉस्फरसवरच गेला. (हाडांच्या ठिसूळपणासाठी दिल्या जाणाऱ्या बिसफॉस्फोनेट गटातल्या औषधांमुळेही क्वचित जबड्याचे हाड मृत होते. म्हणून ती औषधे घेणाऱ्यांनी दात काढण्यापूर्वी दंतवैद्याला तसे जरूर सांगावे.) जबड्याबरोबर तीव्र रक्तक्षय, साध्या हालचालीने मोडणारी हाडे, आणि पुढे हाडांचा कर्करोग, असे आजार या मुलींमध्ये दिसत गेले.

मॉली माग्गिया ही त्यांच्यातली पहिल्या बळींपैकी एक. १९२२ मध्ये, चोविसाव्या वर्षी ती गेली. मृत्यूच्या दाखल्यावर कारण लिहिले होते उपदंश, म्हणजे सिफिलिस. पाच वर्षांनी तिची शवपेटी उकरून काढली, तेव्हा तिच्या हाडांत किरणोत्सर्ग आढळला आणि उपदंशाची एकही खूण सापडली नाही. एखाद्या गरीब मुलीच्या चारित्र्यावर दाखल्यातल्या एका शब्दाने केवढा डाग पडतो, याचा हा नमुना.

दरम्यान हार्वर्डचे सेसिल ड्रिंकर यांनी कारखान्याची पाहणी करून कंपनीला प्रतिकूल अहवाल दिला होता. कंपनीने तो दाबून ठेवला. एसेक्स परगण्याचे वैद्यकीय अधिकारी हॅरिसन मार्टलँड यांनी १९२५ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले आणि दुखण्याचे मूळ रेडियममध्ये आहे हे दाखवून दिले. ग्रेस फ्रायर या कामगार मुलीला खटला घेणारा वकील मिळवायलाच दोन वर्षे लागली. अखेर १९२७ मध्ये पाच जणींनी दावा लावला. १९२८ मध्ये तडजोड झाली : प्रत्येकीला १०,००० डॉलर रोख, वर्षाला ६०० डॉलर आणि औषधपाण्याचा खर्च. त्याच वर्षी त्या रंगाचा जनक सेबिन फॉन सोखोकी हाही रेडियममुळे झालेल्या रक्तक्षयानेच मरण पावला. इलिनॉय राज्यातल्या ओटावा गावच्या कामगार बायकांना न्यायासाठी आणखी दहा वर्षे थांबावे लागले. तिथल्या कॅथरिन डोनोह्यूने १९३८ मध्ये मरणपंथाला लागलेल्या अवस्थेत साक्ष दिली.

या मुलींच्या मोजलेल्या हाडांवरूनच १९४१ मध्ये शरीरात रेडियम किती चालेल याची पहिली मर्यादा ठरली : एका ग्रॅमचा एक कोट्यंश भाग. अणुबॉम्ब प्रकल्पात प्लुटोनियम हाताळण्याचे नियम करताना ग्लेन सीबोर्ग यांच्यासमोर याच तबकड्या रंगवणाऱ्या मुली होत्या. हयात राहिलेल्यांचा वैद्यकीय पाठपुरावा १९९३ पर्यंत चालला. आजही किरणोत्सर्गाच्या सुरक्षेचे धडे त्यांच्याच हाडांवर उभे आहेत.

रेडियमचा रंग साधारण १९६० च्या दशकात घड्याळांतून हद्दपार झाला. त्यानंतर काही काळ ट्रिटियम आले. त्याचे किरण फार दुबळे. १९९३ मध्ये जपानच्या नेमोटो कंपनीने स्ट्रॉन्शियम अ‍ॅल्युमिनेटचा रंग आणला, आणि किरणोत्सर्गाची गरजच संपली. हा रंग दिवसा प्रकाश साठवतो आणि रात्री सोडतो. नव्या रेट्रो घड्याळांत कधीकधी पिवळट, जुनाट दिसणारे चमकते आकडे असतात. ते रेडियमच्या जुन्या रंगाची फक्त नक्कल असते, बिनधास्त वापरा.

आता दुसरी बाजू, म्हणजे घड्याळाला चालवणारी शक्ती. १९६९ च्या नाताळात सेइकोने क्वार्ट्झ घड्याळ बाजारात आणले आणि किल्ली देण्याचे दिवस सरत आले. त्याबरोबर घराघरांत बटणासारखा सेल शिरला. बालरोगतज्ज्ञांना या वस्तूची धडकी भरते. चकचकीत, गोल, गुळगुळीत. लहान मूल ती तोंडात घालणारच. घड्याळातले छोटे सेल गिळले तर बरेचदा शौचावाटे निघून जातात. पण २० मिलिमीटर व्यासाचा ३ व्होल्टचा लिथियम सेल (रिमोट, वजनकाटा, काही डिजिटल घड्याळे) अन्ननलिकेत अडकला, तर ओलसर अस्तरातून वीज वाहू लागते. सेलच्या ऋण टोकाशी तीव्र अल्कली तयार होते आणि अन्ननलिका अक्षरशः विरघळू लागते. सेल फुटण्याची गरज नसते, ‘संपलेला’ सेलही पुरेसा असतो. दोन तासांत गंभीर इजा होऊ शकते. नाकात किंवा कानात घातलेला छोटा सेलही तितकाच तातडीचा.

असे घडल्याची शंका जरी आली, तरी लगेच एक्स-रेची सोय असलेल्या रुग्णालयात जा. उलटी करवू नका. मूल एक वर्षापेक्षा मोठे असेल, गिळून बारा तासांपेक्षा कमी वेळ झाला असेल आणि त्याला गिळता येत असेल, तर वाटेत दर दहा मिनिटांनी दोन चमचे मध द्यावा, असे मार्गदर्शक सूचना सांगतात. मात्र मध शोधण्यासाठी निघायला उशीर करायचा नाही. एक्स-रेमध्ये सेल नाण्यासारखा दिसतो, फक्त त्याच्या कडेला दुहेरी वर्तुळ असते.

सौर घड्याळाचा उपयोग इथे आहे. सिलिकॉनचा सौर घट अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेत १९५४ मध्ये तयार झाला. १९७६ मध्ये जपानच्या सिटिझनने (हीच कंपनी १९६१ मध्ये बंगळुरूच्या एचएमटीला घड्याळे करायला शिकवून गेली होती) काट्यांचे पहिले सौर घड्याळ काढले. त्यात घट तबकडीवर उघडेच दिसत, म्हणून रंगांना फारसा वाव नव्हता. पुढे प्रकाश आरपार जाऊ देणारी तबकडी करून तिच्याखाली घट लपवता आला, आणि तेव्हाच सौर घड्याळ लाल, पिवळे, हिरवे होऊ शकले. या घड्याळांतही एक पुनर्भारित होणारा सेल असतोच, पण तो बंद पाठीआड वर्षानुवर्षे राहतो. दर दोन वर्षांनी नवा सेल घरात येणे आणि जुना टेबलावर पडून राहणे, हे टळते.

एक सूचना शौकिनांसाठी. रेट्रोच्या नादाने पुष्कळ जण नव्याऐवजी खरीच जुनी घड्याळे गोळा करू लागले आहेत, कोणी आजोबांच्या पेटीतून, कोणी चोरबाजारातून. १९६० पूर्वीच्या घड्याळाचे आकडे तपकिरी-पिवळे पडले असतील, तर ते रेडियम असू शकते. अंधारात चमकत नाही म्हणून ते निष्प्रभ झाले असे समजू नका. थकले आहे ते झिंक सल्फाइड, रेडियम जवळपास तेवढेच शिल्लक आहे. काच शाबूत असेल तर अधूनमधून मनगटावर बांधायला हरकत नाही. पण काच उघडणे, आकडे खरवडणे, काट्यांवर फुंकर मारणे ही कामे घरी करू नका. रेडियममधून रेडॉन वायू निघत राहतो, त्यामुळे अशी अनेक घड्याळे झोपायच्या खोलीतल्या बंद कपाटात ठेवू नयेत. आणि दुरुस्तीला देताना तबकडी कोणत्या काळातली आहे हे घड्याळजीला आधीच सांगा, कारण भिंग डोळ्याला लावून त्या भुकटीच्या सर्वांत जवळ तोच बसणार असतो.