हेमर, फॅनी लू

(६ ऑक्टोबर १९१७ – १४ मार्च १९७७). अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्क चळवळीच्या लोकसंघटक. मिसिसिपी राज्यात, वाट्याने शेती करणाऱ्या गरीब कुटुंबातील वीस भावंडांत त्या सर्वांत धाकट्या. लहानपणापासून कापूस वेचला. शिक्षण जेमतेम झाले. १९६१ मध्ये गाठीच्या शस्त्रक्रियेच्या वेळी डॉक्टरांनी संमतीविना त्यांचे गर्भाशय काढले. कृष्णवर्णीय गरीब स्त्रियांवर असा अत्याचार तेथे सर्रास होई. ३१ ऑगस्ट १९६२ रोजी त्या मतदार नोंदणीसाठी इंडियानोला येथे गेल्या आणि त्याच दिवशी, ज्या मळ्यावर त्या राबत त्याच्या मालकाने त्यांना घराबाहेर काढले. पुढे १९६३ मध्ये विनोना येथील तुरुंगात त्यांना अमानुष मारहाण झाली. तिच्या खुणा शरीरावर कायम राहिल्या.

१९६४ मध्ये मिसिसिपी फ्रीडम डेमोक्रॅटिक पार्टीच्या वतीने डेमोक्रॅटिक पक्षाच्या अटलांटिक सिटी येथील राष्ट्रीय अधिवेशनात त्यांनी दिलेली साक्ष देशभर गाजली. पक्षाने समेट म्हणून देऊ केलेल्या प्रतिनिधींच्या दोन जागा त्यांनी ठामपणे नाकारल्या.

मताचा हक्क मिळाला, तरी पोट मळेमालकाच्या हाती असेल तर तो हक्क वापरणे अवघड, हे त्यांनी नेमके ओळखले होते. त्यांच्या कार्याचा हा आर्थिक स्वावलंबनाचा भाग अधिक मोलाचा असूनही त्याची चर्चा कमी होते. त्यांनी सुरू केलेल्या डुक्कर-बँकेतून गरीब कुटुंबाला डुकराची मादी मिळे. तिची काही पिल्ले परत केली की ती दुसऱ्या कुटुंबांकडे जात. १९६९ मध्ये त्यांनी ४० एकरांवर ‘फ्रीडम फार्म’ ही सहकारी शेती उभारली. भाजीपाला, घरे, रोजगार असा तिचा व्याप वाढला. पैशांच्या चणचणीमुळे ती पुढे बंद पडली. १९७१ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल विमेन्स पोलिटिकल कॉकसच्या त्या सहसंस्थापक होत्या.