आंदर मावळाचे पाणी आणि हरित रोखा

टाकवे बुद्रुक मागे टाकून आंदर मावळात आत शिरले की ठोकळवाडी धरण लागते. आंद्रा नदीचे हे पाणी मूळचे पूर्वेला इंद्रायणीकडे आणि पुढे भीमेकडे जाणारे. 1922 पासून त्यातले बरेचसे घाटाखाली पश्चिमेला, भिवपुरीच्या वीजघरात उतरते. ‘हरित वित्त’ आणि ‘ज्ञान व्यवस्थापन’ हे शब्द आज बँकांच्या अहवालांत दिमाखाने मिरवतात. त्यांचा मावळातला मागोवा घ्यायचा तर आपल्याला विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर जावे लागेल.

मुंबईच्या गिरण्या तेव्हा कोळशाच्या धुरात काळवंडल्या होत्या. डेव्हिड गॉस्लिंग या मुंबईतल्या वास्तुविशारदाने लोणावळ्याचा पाऊस अडवून वीज करण्याची कल्पना जमशेटजी टाटांपुढे मांडली. खरी अडचण होती ती पावसाच्या चार महिन्यांची. ओढ दिलेल्या वर्षी किती पाणी साठेल आणि पुढचे आठ महिने ते पुरेल का, हे पर्जन्यमापकाच्या नोंदींशिवाय कोण सांगणार? त्या नोंदी, पाणलोटाची मोजणी, घाटाची उंची असे सारे गोळा करण्यात वर्षे गेली. 1904 मध्ये जमशेटजी वारले. त्यांचे पुत्र दोराबजी यांनी भांडवलासाठी लंडनचा दरवाजा ठोठावला, पण तिथले भांडवलदार बधले नाहीत. अखेर 1910 मध्ये कंपनी उभी राहिली ती संस्थानिक आणि देशी गुंतवणूकदारांच्या पैशावर. पुढच्याच वर्षी लोणावळ्यात धरणाची कोनशिला बसली आणि 1915 मध्ये घाटाखालच्या खोपोली वीजघरातली वीज मुंबईला पोचली. माझ्या मते इथे निव्वळ देशप्रेमाने काम झाले नाही. लोकांनी पैसा लावला, कारण पावसाचे गणित कागदावर मांडलेले होते. खोपोलीचा अनुभव हाताशी होता म्हणूनच 1916 मध्ये टाटांची आंध्रा व्हॅली कंपनी निघाली आणि सहा वर्षांत ठोकळवाडीचे पाणी भिवपुरीला उतरले.

पण नोंदींच्या त्या वह्यांत एक गोष्ट नीट लिहिली गेली नाही: जमीन कोणाची बुडते. 1921 मध्ये टाटांच्या पुढच्या धरणात जमिनी जाणाऱ्या मुळशीच्या मावळ्यांनी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह करून ती नोंद स्वतःच करायला घेतली. धरण थांबले नाही. 1927 मध्ये त्याच्या पाण्यावरचे भिरा वीजघरही सुरू झाले.

पैशाला नोंदींचा आधार लागतो, हा धागा धरून इथून आपण थेट 2007-08 मध्ये येऊ. त्या सुमारास युरोपियन गुंतवणूक बँकेने आणि पाठोपाठ जागतिक बँकेने हरित रोख्यांची वाट पाडली: पैसा कुठे लावला आणि त्यातून काय साधले, याचा हिशेब द्यायचा, ही त्यातली अट. भारत सरकारने जानेवारी 2023 मध्ये पहिले सार्वभौम हरित रोखे विकले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये टाटा पॉवरने महाराष्ट्र शासनाशी शिरवता (1,800 मेगावॉट) आणि भिवपुरी (1,000 मेगावॉट) इथल्या उदंचन प्रकल्पांचा करार केला. खर्चाचा अंदाज सुमारे 13,000 कोटी रुपये. दिवसा उन्हाची वीज मुबलक असताना पाणी वर चढवायचे आणि मागणी वाढली की खाली सोडून वीज करायची, अशी ही रीत.

गंमत अशी, की सरकारी हरित रोख्यांच्या चौकटीत 25 मेगावॉटपेक्षा मोठ्या जलविद्युत प्रकल्पांना जागाच नाही. म्हणजे देशी पैशावर धूर नसलेली वीज उभी करणाऱ्या या घराण्यातले 75 मेगावॉटचे जुने भिवपुरी वीजघरही आज त्या व्याख्येत बसत नाही. मला ही अट रास्त वाटते. मोठे धरण काय काय बुडवते, हे मुळशीने शंभर वर्षांपूर्वीच सांगून ठेवले होते.