सागरेश्वर: माणसांनी उभं केलेलं अभयारण्य

जिराफ मोकळ्या रानात बघायचा तर आफ्रिकाच गाठावी लागते. पण चितळ जवळून बघायला साताऱ्यातल्या कराडवरून सांगलीच्या हद्दीत शिरलं तरी भागतं. आज बोलूया सागरेश्वर अभयारण्याबद्दल.

यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव देवराष्ट्रे इथून अगदी जवळ. हे डोंगर एकेकाळी बोडके होते. वृक्षमित्र धों. म. मोहिते यांनी इथे जंगल उभं करायचा ध्यासच घेतला. झाडं लावली, हरणंसुद्धा बाहेरून आणून सोडली. १९८५ मध्ये अभयारण्य जाहीर झालं. क्षेत्र किती? फक्त १०.८७ चौरस किलोमीटर!

मला विचाराल तर खरी गोष्ट कुंपणापाशी सुरू होते. चांदोलीसारखं सलग जंगल इथे नाही, खाली कृष्णाकाठचा ऊस. जंगल आपणच केलं, जनावरं आपणच आणली, आणि कळप वाढल्यावर ती शिवारात उतरली की शेतकऱ्याची झोप जाते. तो वैतागला तर मी त्याला नावं ठेवणार नाही. पीक त्याचंच जातं ना!

तुम्ही जाल तेव्हा सकाळी लवकर जा. चितळ कान टवकारून थांबतं, आपल्याकडे बघतं. तेवढ्यात फोटो काढा, पण बिस्किट पुढे करू नका.