मुळा-मुठेची नाव: हडपसरचा नदीकाठ ते उजनीचा जलाशय

हडपसरच्या उत्तरेकडून मुळा-मुठा वाहते. पुण्यातल्या संगमावरून निघालेली ही नदी बंडगार्डन, मुंढवा, केशवनगर, मांजरी असे वळसे घेत रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळते. बंडगार्डनचा बंधारा सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर उभा राहिला आणि त्याने नदीचे दोन भाग पाडले. बंधाऱ्याच्या वर पाणी बारमाही तुंबून राहिले. तेथे १८६८ मध्ये रॉयल कॅनॉट बोट क्लब सुरू झाला आणि पुढे अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांची रेगाटा गाजली. बंधाऱ्याखालची नदी, म्हणजे हडपसर-मांजरीची नदी, वेगळ्याच स्वभावाची होती: पावसाळ्यात दुथडी भरलेली, उन्हाळ्यात काळ्या कातळावरून पसरलेली उथळ धार आणि अधूनमधून खोल डोह. शौकाच्या बोटींचा इतिहास बंधाऱ्याच्या वरचा आहे. पोटासाठी पाण्यात उतरलेल्या माणसांचा इतिहास मुख्यतः खालचा आहे आणि तो फार कमी लिहिला गेला.

ही माणसे म्हणजे प्रामुख्याने भोई. १८८५ च्या पुणे जिल्हा गॅझेटियरमध्ये त्यांची नोंद पालखी वाहणारे आणि मासे पकडणारे अशी आहे. रस्ते आणि रेल्वे आल्यावर पालखीचे काम संपले, उरली ती नदी. त्या काळी नदीत काय होते, याची साक्ष कर्नल विल्यम सायक्स यांनी दिली आहे. दख्खनच्या माशांवरचा त्यांचा अभ्यास १८४१ मध्ये प्रसिद्ध झाला. खडशीचे, म्हणजे दख्खनी महसीरचे, शास्त्रीय वर्णन त्यांनी पुण्याच्या पूर्वेकडील मुळा-मुठेतल्या माशावरून केले. स्वच्छ, प्राणवायूने भरलेल्या वाहत्या पाण्याशिवाय हा मासा तग धरत नाही. आज मांजरीच्या पुलावरून खाली पाहणाऱ्याला ही नोंद खरी वाटणे कठीण जाईल, म्हणूनच ती पुन्हा पुन्हा सांगायला हवी.

उथळ कातळी नदीत मोठ्या नावेचा उपयोग नव्हता. कोरड्या भोपळ्यांची सांगड, लाकडी फळ्यांची सपाट तळाची लहान होडी आणि अलीकडच्या काळात हवा भरलेली ट्रकची ट्यूब ही दख्खनच्या मासेमाराची साधने. होडी वल्ह्यापेक्षा बांबूने रेटली जाई, कारण तळ बहुधा हाताशी असे. कोकणातल्या समुद्री होडीला लाटा-वाऱ्यात दिशा धरण्यासाठी खाली कणा लागतो. इथे तोच कणा पहिल्याच कातळाला अडला असता.

नदीचे पाणी मात्र दुसरीकडे वळत गेले. खडकवासल्याचे धरण १८७९ मध्ये पूर्ण झाले आणि मुठा उजवा कालवा हडपसरवरून पूर्वेकडे नेला गेला. हडपसरच्या बागायतीला, उसाला आणि भाजीपाल्याला या कालव्याने जीवन दिले. कालव्यात वळवलेले हे पाणी उन्हाळ्यात नदीला पारखे झाले. पुढे शहर वाढले आणि कोरड्या महिन्यांत नदीला उरले ते मुख्यतः सांडपाणी. त्यातल्या पोषकद्रव्यांवर जलपर्णी माजली. जलपर्णीच्या दाट गालिच्यातून होडी रेटता येत नाही, जाळे टाकता येत नाही, आणि त्याखाली प्राणवायू कमी पडल्याने मासेही राहत नाहीत. जपानच्या अर्थसाह्याने आखलेल्या मुळा-मुठा शुद्धीकरण योजनेत ११ मैलाशुद्धीकरण केंद्रे आहेत आणि त्यातल्या एकाचे नाव मत्स्यबीज केंद्र असे आहे. शासनाच्या मत्स्यबीज केंद्राच्या परिसरामुळे पडलेले हे नाव नदीच्या दोन्ही काळांची एकत्र नोंद करून ठेवते.

नदीवरचा व्यवसाय मग खाली सरकला, जिथे हेच पाणी भीमेतून जाऊन साठते तिथे. उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले आणि हडपसरहून सोलापूर रस्त्याने सुमारे १०० किलोमीटरवर, भिगवणच्या आसपास, जलाशयाचे विस्तीर्ण पाणी पसरले. ज्यांच्या जमिनी आणि गावे बुडाली त्यांच्या दुःखावरच ही मासेमारी उभी राहिली, हे विसरता येत नाही. भिगवणचा मासळी बाजार मोठा झाला. कटला, रोहू आणि चिलापी हे तिथले नेहमीचे मासे. पाण्याबरोबर होडीही बदलली: लाकडाच्या जोडीला पत्रा आला, नंतर फायबर.

जुनी लहान होडी पुन्हा पाण्यात घालायची तर तिच्या साहित्याप्रमाणे काम बदलते. लाकडाला खाऱ्या पाण्यात पोखरकिड्याची भीती असते. गोड्या पाण्यात तो नसतो, पण बुरशीची कुज जास्त असते, कारण समुद्राच्या पाण्यातले मीठ बुरशीला काही प्रमाणात आवरते आणि पावसाचे पाणी तिला पोसते. म्हणून तपासणीची सुरुवात पाणी साचणाऱ्या जागांपासून करावी: तळाचे कोपरे, बरगड्यांच्या मागची फट, पाण्याच्या रेषेची फळी. टोच्याने दाबल्यावर लाकूड मऊ लागले तर ती फळी बदलण्याखेरीज इलाज नाही. गंजलेल्या लोखंडी खिळ्याभोवती लाकूड काळे पडून पकड सोडते, तिथे केवळ नवा खिळा ठोकून भागत नाही. फळ्यांमधले सांधे खरवडून त्यांत कापूस किंवा काथ्या ठासायचा आणि वर डांबर द्यायचे. वर्षानुवर्षे उन्हात पडलेली होडी आकसून भेगाळलेली असते. तिला आधी उथळ पाण्यात बुडवून ठेवले की लाकूड फुगते आणि पुष्कळशा भेगा आपोआप मिटतात. घाईने सगळ्या भेगा भरून टाकल्या तर फुगलेल्या फळ्यांना जागा उरत नाही आणि त्या उमळतात. पत्र्याच्या होडीत जोडांचा गंज पाहावा. फायबरच्या होडीत तड्याच्या कडा उतरत्या घासून, पूर्ण कोरड्या करून, काचधाग्याची मॅट आणि रेझिनचे थर द्यावे लागतात. ओल राहिली तर थर सुटतो.

दुरुस्तीइतकाच महत्त्वाचा प्रश्न पाण्याचा. हडपसरची नदी पावसाळ्यात धरणाच्या विसर्गाने एका रात्रीत चढते आणि इतर महिन्यांत दूषित असते, त्यामुळे ती सध्या लहान होडीला योग्य नाही. कालवा अरुंद आणि वेगाचा आहे. खडकवासला पुण्याच्या पिण्याच्या पाण्याचा साठा आहे. राहते उजनी, पण तिथेही सपाट तळाच्या होडीसाठी सर्व पाणी सारखे नाही. मोकळ्या पात्रात वाऱ्याला मैलोन्‌मैल आडकाठी नसते आणि वळवाच्या वादळात आखूड, उंच लाटा उठतात. २१ मे २०२४ रोजी करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीकडे निघालेली बोट अशाच वाऱ्यात उलटली आणि ६ जणांचा जीव गेला. सपाट तळ शांत पाण्यात स्थिर असतो, पण आडव्या लाटेवर तो लाटेच्याच कोनात कलतो. शिवाय पाणी उतरू लागले की पळसदेवच्या जुन्या मंदिरासारखी बुडालेली बांधकामे, भिंती आणि झाडांचे बुंधे तळाशी येऊन भिडतात. जुन्या होडीला म्हणून काठालगतच्या आडोशाच्या खाड्या, सकाळचा वेळ आणि पावसाळ्यानंतर जलाशय भरलेला असतानाचे महिने बरे.

अशा होड्यांना इंदापूर तालुक्यातल्या कुंभारगाव आणि डिकसळ भागात दुसरे कामही मिळाले आहे. हिवाळ्यात रोहित पक्षी पाहायला येणाऱ्यांना मासेमारच आपल्या होडीतून नेतात. या कामात होडीची गरज बदलते. मासे आणि जाळी तळाशी पडून राहतात, माणसे बाकावर बसतात आणि छायाचित्रासाठी एकाच बाजूला उठून उभी राहतात. वजन वर गेल्याने होडी चटकन कलते. म्हणून बाक खाली बसवणे, रुंद तळाचीच होडी निवडणे, माणसे मोजकी घेणे आणि प्रत्येकाला जीवरक्षक जॅकेट देणे हा दुरुस्तीचाच भाग धरावा लागतो.