आतडं सावकाश आकसलं, आणि दम्याचं कोडं उलगडलं

आवाज थोडा बसलाय, सांभाळून घ्या. मला दमा आहे, चौथीपासून. लहानपणी घरी येणारा प्रत्येक पाहुणा सर्दीची, ॲलर्जीची एखादी गोळी सुचवायचा, आणि आई ती द्यायची. झोप मस्त लागायची. छातीतली घरघर मात्र तशीच. का, ते इतिहास वाचताना कळलं.

साल १९३८, मेलबर्न. विल्हेल्म फेल्डबर्ग हे हिटलरच्या राजवटीत जर्मनी सोडावी लागलेले शास्त्रज्ञ. चार्ल्स केलवे सापाच्या विषांचे अभ्यासक. दोघांनी नागाचं विष प्राण्यांच्या फुफ्फुसांतून सोडलं आणि बाहेर आलेला द्राव गिनीपिगच्या आतड्याच्या तुकड्यावर टाकून पाहिला. हिस्टामाइनने आतडं झटकन आकसतं. इथे मात्र ते सावकाश आकसलं, आणि सैल व्हायचं नाव घेईना! पदार्थ कुठला ते कळेना, म्हणून त्याला म्हटलं 'स्लो रिॲक्टिंग सब्स्टन्स'. किती प्रामाणिक नाव!

दोन वर्षांनी केलवे आणि ट्रेथेवी यांना हाच पदार्थ ॲलर्जीच्या झटक्यात सापडला. मग १९६०मध्ये ब्रॉकलहर्स्ट यांनी दाखवलं की हिस्टामाइनविरोधी औषधाला तो अजिबात जुमानत नाही. म्हणजे माझी ती गोळी भलत्याच दाराला कुलूप लावत होती.

पण हा पदार्थ बनवतं कोण? उत्तर आलं स्टॉकहोममधून. बेंग्ट सॅम्युएलसन यांच्या प्रयोगशाळेत पांढऱ्या पेशींना अरॅकिडोनिक आम्ल, म्हणजे आपल्याच पेशींच्या आवरणात असणारं एक स्निग्धाम्ल, देऊन पाहिलं. पेशींमधलं एक विकर, ५-लिपॉक्सिजनेज, त्याला ऑक्सिजन जोडतं आणि तिथून पुढे एक अख्खं घराणं तयार होतं. १९७९मध्ये त्याचं बारसं झालं: ल्युकोट्राईन. 'ल्युको' पांढऱ्या पेशींवरून, 'ट्राईन' तीन दुहेरी बंधांवरून. मेलबर्नचा तो सावकाश पदार्थ याच घराण्यातला निघाला. तब्बल ४१ वर्षांनी!

ॲस्पिरिनचंही कोडं इथेच येतं. त्याच आम्लावर काम करणारं दुसरं विकर ॲस्पिरिन बंद करतं, आणि काही दमेकऱ्यांमध्ये ल्युकोट्राईन उसळतात. गोळी डोकेदुखीची, दम लागतो छातीत.

१९९६मध्ये अमेरिकेत झिल्युटॉन आलं, ते थेट विकरालाच अडवतं. १९९८मध्ये आलेलं मॉन्टेलुकास्ट ल्युकोट्राईनला पेशीच्या दारातच थोपवतं. तेच मी रोज रात्री घेतो. २०२०मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्यावर मनःस्थितीवरच्या परिणामांचा ठळक इशारा छापायला लावला. त्यामुळे डॉक्टर हल्ली श्वासाआधी विचारतात, "झोप कशी लागते? स्वप्नं वाईट पडतात का?"