विद्यापीठाची वाट

मुंबई विद्यापीठाचा इतिहास आपण बहुधा कुलगुरू, इमारती आणि अभ्यासक्रम यांच्या अंगाने वाचतो. विद्यार्थी तेथवर पोचत कसा होता, हा प्रश्न आम्हाला त्याहून कमी महत्त्वाचा वाटत नाही.

1857 साली स्थापन झालेले हे विद्यापीठ आरंभी केवळ परीक्षा घेणारे होते. अध्यापन महाविद्यालयांत चाले. 1874 साली घोड्यांची ट्राम सुरू झाली तेव्हा कुलाबा ते पायधुणी या प्रवासाला तीन आणे पडत. हे भाडे पुढे उतरले, तरी गरीब घरच्या मुलाला पायी चालणेच परवडत असणार. म्हणजे महाविद्यालयाची कक्षा पायांच्या बळाने ठरत होती.

ती खऱ्या अर्थाने रुंदावली विजेच्या गाडीने. 1925 साली व्हीटी ते कुर्ला आणि 1928 साली कुलाबा ते बोरिवली अशा विजेच्या गाड्या धावू लागल्या. 1926 साली बसही आली. 1937 साली माटुंग्याला रुईया आणि खालसा ही महाविद्यालये निघाली, हा आम्हाला निव्वळ योगायोग वाटत नाही. वस्ती उत्तरेकडे सरकली, तिच्यामागून महाविद्यालयेही. (31 मार्च 1964 रोजी बंद पडलेल्या ट्रामविषयी हळहळणारे बरेच भेटतात, उपनगरातल्या विद्यार्थ्याला मात्र तिचा फारसा उपयोग कधीच नव्हता.)

पुढे कालिन्याला विद्यानगरी उभी राहिली. ती कोणत्याही स्थानकाला लागून नाही. कुर्ल्याला वा सांताक्रूझला उतरायचे आणि तेथून बस किंवा रिक्षा गाठायची. विद्यार्थ्याला सवलतीचा पास मिळतो, पण तो घराजवळच्या स्थानकापासून शिक्षणसंस्थेच्या स्थानकापर्यंतच. साहित्याच्या विद्यार्थ्याला हे जाचते. डोंबिवलीहून येणाऱ्या मुलीचा पास कुर्ल्याला संपतो. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय त्यापुढे दादरला, आणि एशियाटिक तर थेट फोर्टात. जुने नियतकालिक चाळायचे तर वेगळे तिकीट काढावे लागते, आणि गर्दीच्या आत घरी परतायचे तर चार वाजताच उठावे लागते. संशोधनाचे विषय कसे निवडले जातात याची चर्चा आपल्याकडे पुष्कळ होते. हाताशी असलेल्या ग्रंथालयावरच भागेल असा विषय कितीजणांनी निवडला असेल, हे मात्र कोणी विचारत नाही.