डॉ. शुभा टोळे यांचे मूलपेशी-मेंदूविज्ञानातील संशोधन आणि संदर्भोल्लेखांचा प्रभाव : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

संशोधकाचे कार्य मोजताना आज शोधनिबंधांची संख्या, त्यांना मिळालेले संदर्भोल्लेख आणि एच-निर्देशांक यांचा आधार घेतला जातो. युजीन गारफील्ड यांनी १९५५ मध्ये विज्ञानातील संदर्भोल्लेखांच्या सूचीची कल्पना मांडली. एखादा विचार पुढे कोणी स्वीकारला आणि कोणी खोडून काढला याचा माग अभ्यासकाला काढता यावा, हा त्यामागील हेतू होता. सूचीचे नियमित प्रकाशन १९६४ पासून सुरू झाले. २००५ मध्ये जॉर्ज हिर्श यांनी एच-निर्देशांक सुचविला. किमान वीस संदर्भोल्लेख मिळालेले वीस निबंध असतील, तर हा निर्देशांक वीस होतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या विनियमांनंतर शोधनिबंधांचे गुणांकन महाविद्यालयीन अध्यापकांच्या पदोन्नतीशीही जोडले गेले. माग काढण्याचे साधन अशा रीतीने मोजमापाचे साधन बनले. या पार्श्वभूमीवर मुंबई येथील मेंदूवैज्ञानिक डॉ. शुभा टोळे यांच्या संशोधनाचा ऐतिहासिक दृष्टीने विचार करणे हा प्रस्तुत निबंधाचा उद्देश आहे.

संशोधनाची पूर्वपीठिका

१९२४ मध्ये हान्स स्पेमान आणि हिल्डे मॅनगोल्ड यांनी न्यूट या उभयचर प्राण्याच्या भ्रूणावरील प्रयोग प्रसिद्ध केले. भ्रूणाचा एक लहानसा भाग दुसऱ्या भ्रूणात रोपण केला असता शेजारच्या पेशींचे भवितव्य बदलते व नवा चेतासंस्थेचा अक्ष तयार होतो, असे त्यांना आढळले. या भागाला 'संघटक' हे नाव मिळाले. स्पेमान यांना १९३५ चे नोबेल पारितोषिक लाभले. मॅनगोल्ड मात्र १९२४ मध्येच निधन पावल्या होत्या.

दुसरा प्रवाह प्रौढ मेंदूतील पेशीनिर्मितीचा होय. प्रौढ सस्तन प्राण्यांच्या मेंदूत नव्या चेतापेशी निर्माण होत नाहीत, असा समज दीर्घकाळ रूढ होता. जोसेफ ऑल्टमन आणि गोपाल दास यांनी १९६५ मध्ये उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये जन्मानंतरही चेतापेशी तयार होत असल्याचा पुरावा दिला. त्याकडे कित्येक वर्षे दुर्लक्ष झाले. १९९२ मध्ये रेनॉल्ड्स व वाइस यांनी प्रौढ उंदराच्या मेंदूतून मूलपेशींसारख्या पेशी वेगळ्या केल्या. १९९८ मध्ये मानवी मेंदूविषयीचा अहवाल प्रसिद्ध झाला आणि जुन्या निबंधाचे महत्त्व सर्वमान्य झाले.

डॉ. टोळे यांचे कार्य

मुंबईच्या सेंट झेविअर्स महाविद्यालयात शिक्षण घेतल्यानंतर डॉ. टोळे यांनी कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथून पीएच.डी. मिळविली. शिकागो विद्यापीठातील संशोधनानंतर १९९९ मध्ये त्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाल्या. मेंदूचे बाह्यक व हिप्पोकॅम्पस भ्रूणावस्थेत कसे घडतात, हा त्यांचा मुख्य प्रश्न राहिला.

२००१ मधील निबंधात त्यांच्या गटाने एलएचएक्स-२ हे जनुक आणि बाह्यकाच्या कडेचा हेम नावाचा भाग यांतील संबंध दाखविला. जानेवारी २००८ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात, एडविन मोनुकी यांच्या सहकार्याने, त्यापुढील निष्कर्ष आले. ज्या पूर्वगामी पेशींत हे जनुक नसते त्या बाह्यकाऐवजी हेम बनतात आणि शेजारच्या पेशींना हिप्पोकॅम्पस घडविण्यास प्रवृत्त करतात. म्हणजे हेम हाच हिप्पोकॅम्पसचा संघटक ठरतो. चौऱ्याऐंशी वर्षांपूर्वी न्यूटच्या भ्रूणाविषयी मांडलेल्या तत्त्वाचे एक रूप सस्तन प्राण्याच्या मेंदूत सिद्ध झाले. या निबंधाची प्रथम लेखिका टोळे यांच्याच प्रयोगशाळेतील विद्यार्थिनी होती. २०११ मधील निबंधात हेच जनुक पूर्वगामी पेशींना चेतापेशींकडे वळविते व तारकापेशींची निर्मिती रोखते, असे दाखविण्यात आले.

डॉ. टोळे यांना २०१० मध्ये शांतिस्वरूप भटनागर आणि २०१४ मध्ये इन्फोसिस पुरस्कार मिळाला. याच संस्थेत डॉ. विदिता वैद्य यांच्या गटाने ऑल्टमन-दास यांचा प्रवाह पुढे नेला. नॉरएपिनेफ्रिन कमी केल्यास प्रौढ उंदराच्या हिप्पोकॅम्पसमधील पूर्वगामी पेशींची वाढ मंदावते, हे त्यांनी २००२ मध्ये दाखविले.

संदर्भोल्लेखांच्या मर्यादा

वरील इतिहासातून तीन मर्यादा दिसतात. पहिली काळाची. ऑल्टमन यांच्या कामाचे मोल त्याच दशकातील संदर्भोल्लेखांवरून ठरविले असते, तर ते नगण्य ठरले असते. त्यांना प्रिन्स ऑफ अस्तुरियास पुरस्कार २०११ मध्ये मिळाला. दुसरी अर्थाची. २०१८ मध्ये प्रौढ मानवी हिप्पोकॅम्पसविषयी दोन परस्परविरोधी निबंध आले. एकाने तेथे नव्या चेतापेशी जवळजवळ आढळत नाहीत असे म्हटले, दुसऱ्याने त्या वृद्धपणीही तयार होतात असे म्हटले. पुढील अभ्यासकांना दोहोंचाही उल्लेख करावा लागतो. संख्या मात्र सहमती आणि खंडन यांत भेद करीत नाही. तिसरी क्षेत्राची. भ्रूणविकासाचे प्रयोग वर्षानुवर्षे चालतात, म्हणून निबंध थोडे असतात. २००१, २००८ आणि २०११ हे टप्पे एकाच जनुकाभोवती दहा वर्षे चाललेल्या चिंतनाचे आहेत. निबंधांच्या बेरजेत हे सातत्य दिसत नाही.

निष्कर्ष

२०१२ च्या सॅन फ्रान्सिस्को घोषणापत्राने नियतकालिकाच्या प्रभावांकावरून व्यक्तीचे मूल्यमापन करू नये, अशी शिफारस केली. भारतात नियतकालिकांच्या दर्जासाठी २०१८ मध्ये आलेली 'केअर' सूची आयोगाने फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली. दर्जा पारखण्याची जबाबदारी त्यामुळे पुन्हा महाविद्यालयांकडे आली आहे. देवळाली प्रवरासारख्या गावातील अध्यापकापाशी मोठी प्रयोगशाळा नसेल. परंतु एका प्रश्नाशी दीर्घकाळ निष्ठा ठेवणे, विद्यार्थ्याला प्रथम लेखकत्वाचे श्रेय देणे आणि ज्याचा उल्लेख करावयाचा तो निबंध प्रत्यक्ष वाचणे, या गोष्टी त्याच्या आवाक्यात आहेत. संदर्भोल्लेख हा पूर्वसूरींचे ऋण मान्य करण्याचा मार्ग आहे. गुणांच्या हिशेबात हे ऋण विसरले गेले, तर संख्या वाढेल, पण ज्ञानाची परंपरा खंडित होईल.